भूल देणारे डॉक्टर

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलायचं आणि होस्टेलवर बादलीवरून भांडायचं मराठी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या तर वाचकांनी पदरात घ्याव्यात. पण एक गोष्ट दिवाळीपासून डोक्यात घोळतेय, आणि ती इंग्रजीत सांगताच येत नाही. कारण तिचा सगळा जीव एका मराठी शब्दात आहे. तो शब्द म्हणजे भूल.

माझे मामा लातूरला भूलतज्ज्ञ आहेत. लहानपणी मला या शब्दाची फार गंमत वाटायची. आपल्याकडे भूल म्हणजे ऑपरेशनच्या आधी देतात ती, आणि भूल म्हणजे चूकसुद्धा. मग भूलतज्ज्ञ म्हणजे चुका करण्यात एक्स्पर्ट का, असं मी मामांना विचारायची आणि ते हसायचे. या दिवाळीत गेले तेव्हा मात्र मामा हसण्याच्या मूडमध्ये नव्हते. त्यांनी भूल दिलेला एक पेशंट टेबलावरच गेला होता. फराळाचं ताट तसंच समोर, टीव्ही चालू, आणि मामांचं लक्ष कशातच नाही. दोन दिवसांनी त्यांना दवाखान्याच्या महिन्याच्या बैठकीत तीच केस सगळ्या डॉक्टरांसमोर स्वतः मांडायची होती. कोणतं औषध किती दिलं, किती वाजता दिलं, मॉनिटरवर काय दिसलं, मदतीला कधी बोलावलं, सगळं. प्रश्न विचारणारे बाकीचे भूलतज्ज्ञ आणि सर्जन, म्हणजे रोज सोबत चहा पिणारी माणसं.

मामी चिडली होती. आपलीच माणसं आपल्याला आरोपीसारखं उभं करणार, ही कसली पद्धत, असं तिचं म्हणणं. त्या रात्री गच्चीवर मामांनी मला डॉ. एडवर्ड लॉरी या माणसाची गोष्ट सांगितली. परत आल्यावर मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. हा माणूस भूलशास्त्राच्या इतिहासात जगभर माहीत आहे, आणि त्याने जे केलं ते आपल्या घरापासून फार लांब नाही, हैदराबादला केलं. त्या काळी आपलं नांदेड, औसा, उदगीर सगळं निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे आपली राजधानीच ती. म्हणून ही गोष्ट आपलीही आहे.

लॉरी यांचा जन्म १८४६ चा. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, एडिनबरा शहरात जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरने क्लोरोफॉर्मची भूल पहिल्यांदा वापरली. भूल नव्हती तेव्हा ऑपरेशन म्हणजे काय असेल याचा नुसता विचार करा. पेशंटला चार माणसांनी दाबून धरायचं आणि सर्जनने जमेल तितक्या लवकर कापायचं. क्लोरोफॉर्ममुळे माणूस गाढ झोपायला लागला आणि सर्जरीचं सगळं जगच बदललं.

पण तीनच महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ ला, इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताना मेली. ऑपरेशन काय होतं? पायाच्या बोटाचं नख काढायचं. म्हणजे आपण ज्याला ऑपरेशनसुद्धा म्हणणार नाही. नंतर असे मृत्यू इकडून तिकडून कळायला लागले. धडधाकट माणूस, छोटं ऑपरेशन, आणि भूल द्यायला सुरुवात केल्या केल्या खेळ खलास.

माणूस मरतो कशाने, यावरून डॉक्टरांचे दोन तट पडले. लंडनचे जॉन स्नो यांचं म्हणणं होतं की हवेत क्लोरोफॉर्मचं प्रमाण जास्त झालं की हृदयच बंद पडतं. म्हणून त्यांनी प्रमाण मोजून देणारं उपकरण बनवलं. हे तेच स्नो, ज्यांनी १८५४ मध्ये कॉलरा पाण्यातून पसरतो हे लंडनच्या एका पंपावरून दाखवलं. दुसरीकडे एडिनबराचे नामवंत सर्जन जेम्स साइम. त्यांचा नियम सोपा होता. रुमालावर क्लोरोफॉर्म टाका, पेशंटच्या श्वासाकडे बघा, नाडीकडे बघू नका. श्वास बिघडला की रुमाल काढा. आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, त्यामुळे श्वासावर नजर ठेवणाऱ्याचा पेशंट मरणारच नाही.

लॉरी हे या साइम यांच्या हाताखाली शिकले. गुरूचा शब्द त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. याच गोष्टीने त्यांना मोठं केलं आणि याच गोष्टीने अडकवलं.

शिक्षण झाल्यावर ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून भारतात आले. आधी लाहोरच्या मेडिकल स्कूलमध्ये सर्जरीचे प्रोफेसर होते. नंतर १८८५ च्या सुमारास हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले आणि हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख झाले. हे स्कूल १८४६ मध्ये सुरू झालं होतं, म्हणजे लॉरींच्याच वयाचं. त्याचंच पुढे उस्मानिया मेडिकल कॉलेज झालं. लॉरी कामाला वाघ होते. भरपूर ऑपरेशनं करायचे आणि विद्यार्थ्यांना स्वतः शिकवायचे. त्या काळात त्यांनी मुलींनाही डॉक्टरीच्या वर्गात घेतलं. त्यांतल्याच एक रूपाबाई फर्दुनजी, पारशी घरातल्या. पुढे त्या हैदराबादच्या दवाखान्यांत भूल द्यायच्या, आणि जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आमच्या गर्ल्स होस्टेलच्या भिंतीवर त्यांचा फोटो लावायला काय हरकत आहे, असं मला वाटतं.

भारतात क्लोरोफॉर्म इतका का चालला याचं एक कारण आपल्या फिजिक्समध्ये आहे. भुलीचं दुसरं औषध होतं ईथर. ईथर साधारण ३५ डिग्रीला उकळतं. आता मे महिन्यातलं नांदेड डोळ्यासमोर आणा. बाटलीचं झाकण काढलं की औषध पेशंटच्या आधी खोलीलाच मिळणार. शिवाय ते पेट घेतं, आणि तेव्हा उजेड कंदिलाचा. क्लोरोफॉर्म ६१ डिग्रीला उकळतं, पेट घेत नाही, थोडंसं पुरतं. त्यामुळे आपल्याकडे क्लोरोफॉर्म धोक्याचं आहे असं ठरलं असतं तर गोरगरिबांची ऑपरेशनंच अडली असती. लॉरी एवढ्या त्वेषाने त्याची बाजू का घेत होते, ते यावरून समजतं.

लॉरींनी हजारो लोकांना क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशनं केली होती, आणि आपल्या पद्धतीने दिलं तर कोणी मरत नाही असं त्यांचं ठाम मत झालं होतं. पण ब्रिटनमधलं मत उलट दिशेला चाललं होतं. ग्लासगोच्या एका समितीने १८८० च्या सुमारास प्राण्यांवर प्रयोग करून सांगितलं होतं की क्लोरोफॉर्मने रक्तदाब अचानक आणि बेभरवशाने घसरतो, म्हणजे हृदयावर परिणाम होतो. लॉरींना हे पटेना. त्यांनी १८८८ मध्ये निजाम सरकारकडून एक कमिशन नेमून घेतलं. पॅट्रिक हेहिर हे त्याचे प्रमुख आणि केली व शामारेट हे सदस्य, सगळे हैदराबादच्याच वैद्यकीय खात्यातले. त्यांनी शंभरावर कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिलं आणि निकाल दिला की प्रत्येक वेळी आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणजे साइम बरोबर, लॉरी बरोबर.

इथे थोडं थांबा. साहेबांचं मत साहेबांच्या हाताखालच्या लोकांनी तपासलं आणि साहेब बरोबर निघाले. आपल्या प्रॅक्टिकलमध्येसुद्धा असंच होतं ना? पुस्तकात आलेली व्हॅल्यू आधी माहीत असते, मग रीडिंग तिथपर्यंत बरोब्बर पोचतं.

लॉरींनी हा निकाल १८८९ च्या सुरुवातीला मेडिकल स्कूलच्या बक्षीस समारंभात जाहीर केला. लंडनच्या लॅन्सेट या डॉक्टरांच्या मोठ्या साप्ताहिकाने त्यावर सरळ शंका घेतली. युरोपातल्या इतक्या चांगल्या शास्त्रज्ञांना जे दिसलं ते हैदराबादला दिसलं नाही, हे कसं, असा त्यांचा सूर होता.

आता लॉरींनी जे केलं त्यासाठी मात्र त्यांना सलाम करावा लागेल. दुसरा कोणी असता तर रागावून गप्प बसला असता नाहीतर उलटसुलट पत्रं लिहीत बसला असता. लॉरींनी उलट लॅन्सेटलाच बोलावणं धाडलं. तुमचा माणूस पाठवा आणि तुमच्या डोळ्यांसमोर प्रयोग होऊ द्या. यासाठी सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड दिले. त्या तिजोरीत नांदेड-उदगीरच्या शेतकऱ्यांचा साराही होताच. म्हणजे जगातल्या एका गाजलेल्या वैद्यकीय तपासणीचा खर्च थोडाफार आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी उचलला, असं म्हणायला हरकत नाही.

लॅन्सेटने पाठवलेला माणूसही साधासुधा नव्हता. डॉ. लॉडर ब्रंटन म्हणजे त्या काळचे औषधशास्त्रातले मोठं नाव, आणि क्लोरोफॉर्म हृदयाला धोकादायक आहे असं मानणाऱ्यांपैकी. म्हणजे तपासणारा विरोधी मताचा. हे फार महत्त्वाचं. ऑक्टोबर १८८९ मध्ये ते हैदराबादला पोचले. दुसऱ्या कमिशनमध्ये ते, कलकत्त्याचे डॉ. बॉमफर्ड आणि हैदराबादचे डॉ. रुस्तमजी असे सदस्य होते. अध्यक्ष मात्र कोण? डॉ. लॉरी. परीक्षा ज्याची, तोच परीक्षा समितीचा अध्यक्ष.

पुढचे दोन-अडीच महिने धडाक्यात प्रयोग झाले. कुत्रे, माकडं, घोडे, शेळ्या, मांजरं, ससे मिळून पाचशेहून जास्त प्राणी वापरले गेले. रक्तदाब मोजणारं यंत्र लावून फिरत्या ड्रमवर त्याची रेघ काढली जात होती, म्हणजे आजच्या मॉनिटरचा आजोबा. जास्त क्लोरोफॉर्म देऊन पाहिलं, हळूहळू देऊन पाहिलं, अर्धवट भुलीत दात उपटून पाहिले. तो अचानक हृदय बंद पडण्याचा मृत्यू काही दिसला नाही. शेवटी ब्रंटन यांनीच आपलं मत बदललं आणि लंडनला तार केली की आधी श्वास थांबतो हेच खरं. १८९० मध्ये अहवाल लॅन्सेटमध्ये आला आणि १८९१ मध्ये तो सगळ्या आलेखांसकट मुंबईत पुस्तकरूपाने छापला गेला.

लॉरी जिंकले. विरोधकानेच हार मानली यापेक्षा मोठा विजय कोणता? सिनेमा असता तर इथे संपला असता.

पण डॉक्टरांची तपासणी एका अहवालाने संपत नाही. अहवाल छापला म्हणजे तो सगळ्यांसमोर आला, आणि सगळ्यांसमोर आला म्हणजे कोणीही तो तपासू शकतो. ॲबरडीनच्या जॉन मॅकविल्यम यांनी १८९० मध्ये आपल्या प्रयोगांतून दाखवलं की क्लोरोफॉर्मने हृदय फुगतं आणि कमजोर होतं. केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी १८९३ मध्ये आणखी हुशारीचा प्रयोग केला. त्यांनी दोन प्राण्यांचं रक्त असं जोडलं की क्लोरोफॉर्म फक्त एकाच्या मेंदूला मिळावं, हृदयाला नाही. हैदराबादवाल्यांचं म्हणणं होतं की रक्तदाब घसरतो तो मेंदूवरच्या परिणामामुळे. पण फक्त मेंदूला क्लोरोफॉर्म दिलं तर रक्तदाब घसरलाच नाही. म्हणजे गडबड हृदयाकडेच होती. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्किटमध्ये फॉल्ट कुठे आहे हे शोधायला त्यांनी एकेक ब्लॉक वेगळा करून तपासला.

लॅन्सेटनेसुद्धा एक शहाणपण केलं. प्राणी बाजूला ठेवून त्यांनी इस्पितळांकडून भूल देताना झालेल्या माणसांच्या मृत्यूंच्या नोंदी मागवल्या आणि १८९३ मध्ये त्यांचा अहवाल छापला. प्रयोगशाळेत काय होतं हे विचारण्यापेक्षा खऱ्या टेबलावर काय झालं हे डॉक्टरांनी एकमेकांना सांगायचं. मला वाटतं, मामांच्या बैठकीची आजी तीच.

खरं कोडं सुटलं ते १९११ मध्ये. लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की हलकी भूल असताना शरीरात ॲड्रेनलिन वाढलं तर हृदयाची लय एकदम विस्कटते, ते नुसतं थरथरत राहतं आणि माणूस मरतो. ॲड्रेनलिन वाढतं कशाने? भीतीने आणि वेदनेने. पंधरा वर्षांची घाबरलेली पोर, नुकतीच सुरू झालेली भूल, आणि नखाला लावलेलं हत्यार. हॅना ग्रीनर आणि तिच्यासारख्या कितीतरी जणांच्या मृत्यूचं संभाव्य कारण असं त्रेसष्ट वर्षांनी सापडलं. श्वासाकडे कितीही टक लावून बसलं असतं तरी ते मृत्यू टळले नसते.

मग हैदराबादला पाचशेवर प्राण्यांत ते का दिसलं नाही? हे मी कॅल्क्युलेटर घेऊन करून पाहिलं. त्या काळी क्लोरोफॉर्मने मरण्याचे अंदाज साधारण दोन-तीन हजारांत एक असे होते. समजा तीन हजारांत एक धरलं आणि सहाशे प्रयोग केले, तर एकही तसा मृत्यू न दिसण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या वर येते. कुत्रा आणि माणूस सारखेच असं धरूनसुद्धा. म्हणजे लॉरींना ती गोष्ट दिसली नाही याचा अर्थ ती नाही, असा होत नव्हता. प्रॉबेबिलिटीच्या तासाला मी शेवटच्या बाकावर झोपते, पण हे गणित आता जन्मात विसरणार नाही.

लॉरींनी मात्र मत बदललं नाही. १९०१ मध्ये, म्हणजे निवृत्त झाले त्याच वर्षी, त्यांनी क्लोरोफॉर्मवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिलं आणि त्यातही तोच धडा, श्वासाकडे बघा. १९१५ मध्ये ते वारले, लेव्ही यांचा शोध लागल्यानंतर चार वर्षांनी.

लॉरींना खलनायक करू नका. त्यांचं निम्मं म्हणणं खरं होतं. डोस जास्त झाला तर आधी श्वासच थांबतो, आणि श्वासावर नजर ठेवा हा त्यांचा आग्रह कितीतरी पेशंटना वाचवून गेला असेल. आजही भूलतज्ज्ञ पेशंटच्या डोक्याशी बसतो आणि आधी श्वासाचीच काळजी घेतो. फक्त आता तो नाडी, ईसीजी आणि ऑक्सिजनसुद्धा बघतो. साइम आणि स्नो दोघेही एकाच मॉनिटरवर आलेत. क्लोरोफॉर्म तर केव्हाच मागे पडलं.

पण त्यांच्या मताची एक बाजू मला फार टोचते. पेशंट क्लोरोफॉर्मने मेला तर क्लोरोफॉर्म देणारा चुकला, त्याने श्वासाकडे लक्ष दिलं नाही, असा त्यांच्या मताचा सरळ अर्थ होता. आता विचार करा, किती डॉक्टर असे असतील ज्यांनी सगळं नीट केलं, तरी पेशंट गेला, आणि ते आपल्याच हातून झालं असं समजून आयुष्यभर जळत राहिले. चुकीच्या तपासणीने फक्त शास्त्राचं नुकसान होत नाही, माणसांचंही होतं. जे खरंच चुकले ते सुटतात आणि जे चुकले नाहीत ते अडकतात.

याच काळात अमेरिकेत बॉस्टनला अर्नेस्ट कॉडमन नावाचे सर्जन होते. त्यांचं म्हणणं, प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं ते वर्षभराने तपासा आणि चूक झाली असेल तर छापा. मोठ्या इस्पितळाला ते मानवेना, तेव्हा १९१४ मध्ये त्यांनी तिथला राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या दवाखान्यात १९११ ते १९१६ या काळात आलेल्या ३३७ पेशंटमध्ये १२३ चुका झाल्या, असं त्यांनी स्वतः छापलं. लॉरींनी दुसऱ्यांना तपासायला बोलावलं पण खुर्ची सोडली नाही. कॉडमन यांनी खुर्चीच सोडली. आज जगभर इस्पितळांची तपासणी होते तिच्या मुळाशी कॉडमन यांची कल्पना आहे. आपल्या देशातही २०१० पासून बाळंतपणात झालेल्या प्रत्येक माता मृत्यूची चौकशी करायची पद्धत सरकारने घालून दिली आहे. त्यात कोणाला शिक्षा करायची हा हेतू नसतो, कुठे काय कमी पडलं ते शोधायचं असतं.

आता परत मामांकडे येते. बैठकीच्या दिवशी सकाळी ते लवकर उठले, इस्त्रीचा शर्ट घातला, देवाला नमस्कार केला आणि गेले. मी आणि मामी दिवसभर फोनकडे बघत बसलो. संध्याकाळी आले तेव्हा चेहरा थकलेला होता पण वेगळा होता. दोन तास प्रश्न चालले होते. औषध बरोबर होतं, डोस बरोबर होता, असं सगळ्यांचं मत पडलं. पण दुसऱ्या भूलतज्ज्ञाला मदतीला बोलवायला उशीर झाला, हेही सगळ्यांनी मान्य केलं आणि मामांनी आधीच स्वतःहून लिहून दिलं होतं. तो उशीर झाला नसता तर पेशंट वाचला असता का, ते कोणीच छातीठोकपणे सांगू शकलं नाही. ऑपरेशन थिएटरमधून बाहेर निरोप द्यायला नुसता एक वॉर्डबॉय पळत जायचा. आता तिथे बेल बसवली आहे, दाबली की ड्युटी रूममध्ये वाजते.

मामीने विचारलं, एवढा त्रास करून मिळालं काय? मामांनी ताटातली चकली उचलली आणि सांगितलं की एक बेल मिळाली. त्या दिवशी ते पहिल्यांदा नीट जेवले.

हा लेख मी का लिहिला ते आता सांगते, नाहीतर मॅडम म्हणतील की इंजिनियरिंगच्या मुलीने डॉक्टरांचं काय घेऊन बसलीय. मागच्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने पाण्याच्या टाकीची लेव्हल दाखवणारं सर्किट बनवलं. पाणी शांत असलं की ते झकास चालायचं. पाणी हललं की वेड्यासारखं रीडिंग दाखवायचं. आम्हाला हे माहीत होतं. रिपोर्टमध्ये आम्ही फक्त शांत पाण्याचे रीडिंग लिहिले आणि बाकीचे मागच्या बॅचच्या जर्नलमधून घेतले. मार्क चांगले पडले. एकमेकांचे रिपोर्ट तपासायचे होते, तेव्हा आम्ही शेजारच्या ग्रुपचं डोळे झाकून बरोबर म्हणालो आणि त्यांनी आमचं. कोणाचं काय बिघडलं? टाकीच तर होती.

पण उद्या आपल्यापैकी कोणी पूल बांधेल, कोणी लिफ्ट बसवेल, कोणी मामांच्या समोरचा तो मॉनिटरच बनवेल. तेव्हा शांत पाण्यातलं रीडिंग चालणार नाही. आपल्याला न दिसलेली चूक दुसऱ्याला दिसावी म्हणून त्याला बोलवावं लागेल, आणि तो तपासत असताना आपण अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं नाही. लॉरींकडून पहिली गोष्ट शिकायची, आणि दुसरी त्यांच्या चुकीवरून.

या सेमिस्टरला आम्ही तेच सर्किट पुन्हा काढलंय. हलत्या पाण्याचे सगळे बिघडलेले रीडिंग रिपोर्टमध्ये लिहिलेत, आणि तपासायला त्या ग्रुपला दिलंय ज्यांच्याशी आमचं अजिबात पटत नाही. मार्क किती पडतील माहीत नाही. मामांना फोनवर सांगितलं तर त्यांनी विचारलं की बेल बसवली का. म्हटलं, बसवायलो आहोत.